मेडूसाचे दोन चेहरे आणि पाटीवरचे ‘किंवा’

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. सहलीत तुम्ही अथेन्स आणि म्युनिक येथील संग्रहालये पाहिलीत. अथेन्समध्ये एका मोठ्या कुंभावर सुळे दाखवत धावणाऱ्या गॉर्गन, म्हणजे जिच्याकडे पाहणारा दगड होतो ती मेडूसा आणि तिच्या राक्षसी बहिणी, तुम्हाला दिसल्या, तर म्युनिकमध्ये त्याच मेडूसाचा संगमरवरी मुखवटा एखाद्या शांत, देखण्या तरुणीचा निघाला. ती मूळची सुंदर होती आणि देवीच्या शापाने कुरूप झाली, असे वाटाड्याने सांगितले. पण पाट्यांवरचे काळ पाहता कुरूप रूप आधीचे आणि सुंदर रूप नंतरचे, म्हणजे गोष्टीच्या नेमके उलट, हे तुमच्या लक्षात आले. त्यातच बैलाशी झोंबणाऱ्या एका माणसाच्या चित्राखाली ‘हेराक्लीस किंवा थिसियस’ अशी, ग्रीक कथांतल्या दोन वेगळ्या वीरांची नावे असलेली पाटी होती, आणि तज्ज्ञांनाच ठाऊक नसेल तर आम्ही ओळखायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

क्रमाविषयीचे तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि गोष्ट सांगताना वाटाडे नेमके तेच गाळतात. मात्र प्रश्नामागे एक गृहीतक दडलेले दिसते. प्रत्येक देवतेचे एक ठरलेले रूप असते, ते कुठेतरी लिहून ठेवलेले असते आणि कारागीर ते पाहून घडवतो, असे आपण धरून चालतो. आपल्याकडे ते बरेचसे खरेही आहे. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म कोणत्या क्रमाने आहेत हे पाहून ती मूर्ती केशवाची, माधवाची की त्रिविक्रमाची हे चोवीस नावांतून ठरवता येते, कारण तो क्रम ग्रंथांत सांगितलेला आहे. ग्रीक देवतांसाठी असा कोणताही ग्रंथ नाही. तिथल्या कुंभाराने आणि चित्रकाराने एकमेकांचे पाहून, गिऱ्हाइकाची आवड ओळखून आणि कानावर आलेली गोष्ट आपल्या पद्धतीने रंगवून रूपे घडवली. ती काही पिढ्यांत रुळली आणि पुढे पुन्हा बदलली. म्हणून मेडूसाचे ‘खरे’ रूप कोणते, असे विचारण्यापेक्षा अमुक काळी, अमुक वस्तूवर ती तशी का दाखवली, असे विचारले तर उत्तर सापडते.

एक कबुली आधीच देतो. माझे काम मुख्यतः मृत्पात्रांच्या नोंदी लिहिण्याचे आहे आणि त्यात वीसहून अधिक वर्षे गेली आहेत, त्यामुळे माझी उदाहरणे खापरांकडे झुकलेली असतील. शिवाय ओळख किती खात्रीने पटेल हे समोर काय आहे त्यावर अवलंबून असते. पात्र अखंड आहे की हातात फक्त एक खापर आहे, ते अथेन्सचे आहे की दक्षिण इटलीतले, थडग्यातून नीट उकरून काढलेले आहे की व्यापाऱ्यामार्फत आलेले आहे, त्यावर नंतर कोणी रंग चढवला आहे का, या प्रत्येक गोष्टीने उत्तर बदलते. काळ्या आकृतींच्या शैलीत, म्हणजे लालसर मातीवर काळ्या रंगात आकृत्या काढत तेव्हा, स्त्रियांची कांती पांढऱ्या रंगाने दाखवत आणि तो रंग भाजल्यावर फारसा पक्का राहत नसे. तो झिजून गेला की युद्धाची देवी अथीना एखाद्या काळ्या योद्ध्यासारखी दिसू लागते. अशा ठिकाणी दिवा तिरपा धरून पांढऱ्याचा मागमूस शोधणे हे ओळखीचे पहिले काम असते, पुराणकथा आठवणे नंतर.

आता मेडूसाकडे येतो. तिची सर्वांत जुनी चित्रे पाहिली की लक्षात येते की ती कशी दिसते हे सुरुवातीला कोणालाच ठाऊक नव्हते. लूव्र संग्रहालयात बिओशिया प्रांतातला एक रांजण आहे, सुमारे इ. स. पू. ६७० चा. त्यावर उठावात पर्सियस, म्हणजे कथेत मेडूसाला मारणारा वीर, कोणाचा तरी गळा कापताना दिसतो. त्याच्या खांद्याला झोळी अडकवलेली आहे आणि त्याने मान पूर्ण मागे वळवलेली आहे. मारली जाणारी स्त्री लांब झगा नेसलेली आहे, पण तिच्या कमरेमागे चक्क घोड्याचे धड जोडलेले आहे. केसांत साप नाहीत, सुळे नाहीत. तरीही ती मेडूसाच आहे हे कशावरून? पर्सियसच्या मानेवरून. मारताना समोरच्याकडे न पाहणारा दुसरा वीर ग्रीक कथांत नाही. घोड्याचे धड का, याचे एक पटण्यासारखे स्पष्टीकरण असे की पोसायडन हा समुद्राबरोबर घोड्यांचाही देव आहे, मेडूसाला त्याच्यापासून गर्भ राहिला होता आणि तिच्या गळ्यातून पुढे पंखांचा घोडा पेगासस बाहेर पडणार होता. त्या कारागिराला तिचे भीषणपण सांगण्यापेक्षा तिचे हे घोड्याशी असलेले नाते सांगणे महत्त्वाचे वाटले असावे.

त्याच सुमारास, इ. स. पू. ६५० च्या आसपास, अथेन्सजवळच्या एल्यूसिस येथे एक वेगळाच प्रयोग झाला. तिथला सुमारे दीड मीटर उंचीचा दोन कानांचा कुंभ १९५४ साली सापडला, तेव्हा त्याच्या आत एका लहान मुलाचा सांगाडा होता. कुंभाच्या गळ्यावर वीर ओडिसियस आणि त्याचे साथीदार एकाक्ष राक्षस पॉलिफेमसचा डोळा फोडत आहेत, आणि पोटावर डोके नसलेली मेडूसा आडवी तरंगत असून तिच्या दोन बहिणी पर्सियसचा पाठलाग करत आहेत. मध्ये अथीना उभी आहे. या बहिणींची डोकी माणसाची नाहीत, राक्षसाचीही नाहीत; ती मोठ्या काशाच्या हंड्यांसारखी आहेत आणि हंड्याच्या खांद्यावरून प्राण्यांची मुंडकी बाहेर डोकावावीत तशी त्यांतून सापांची मुंडकी निघाली आहेत. असे प्राणिमुखी काशाचे हंडे त्या काळात पूर्वेकडून ग्रीसच्या देवळांत येत होते. चित्रकाराला ‘कधीही न पाहिलेले भयंकर’ काढायचे होते, म्हणून त्याने पाहिलेल्यांपैकी सर्वांत चमत्कारिक वस्तू उचलली आणि तिला पाय लावले. मला हा कुंभ फार आवडतो, कारण रूप रुळण्याआधीची ती धडपड इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते.

तुम्ही अथेन्समध्ये पाहिलेला कुंभ बहुधा नेसॉसचा कुंभ असावा, इ. स. पू. ६२० ते ६१० च्या दरम्यानचा. त्याच्या गळ्यावर हेराक्लीस नेसॉस नावाच्या अश्वमानवाला मारतो आहे, म्हणून हे नाव; गॉर्गन पोटावर आहेत. तिथे आता रूप ठरले आहे. रुंद चेहरा, बाहेर आलेली जीभ, सुळे, पंख आणि गुडघा वाकवून धावण्याची ती खास ढब. गंमत अशी की त्या चित्रात पर्सियस नाहीच. मुंडके तुटलेली मेडूसा कोसळते आहे आणि बहिणी धावत आहेत एवढेच. धावणे कोणाच्या मागे हे पाहणाऱ्याने ओळखायचे. हे चित्र समजायला गोष्ट आधी माहीत असावी लागते, आणि चित्रकाराला ती गिऱ्हाइकाला माहीत आहे याची खात्री होती.

त्यानंतर तीस-चाळीस वर्षांतच कॉर्फू बेटावर आर्टेमिस देवीचे दगडी मंदिर उभे राहिले, सुमारे इ. स. पू. ५८० मध्ये. त्याच्या दर्शनी त्रिकोणात मधोमध जवळपास तीन मीटर उंचीची मेडूसा आहे, कमरेला दोन सापांचा पट्टा, आणि दोन्ही बाजूंना तिची मुले पेगासस व क्रिसाओर. गोष्टीप्रमाणे ही मुले तिचे मुंडके उडाल्यावर जन्मतात, पण इथे तिचे डोके जागेवर आहे आणि मुलेही हजर आहेत. अनेकजण याला शिल्पकाराची चूक समजतात. मला तसे वाटत नाही. त्याला घटना सांगायची नव्हती, ‘ही कोण आहे’ हे सांगायचे होते. घटनेचा क्रम आणि व्यक्तीची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि देवळाच्या कपाळावर दुसरीच उपयोगाची असते.

सुंदर मेडूसा इ. स. पू. पाचव्या शतकात येते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पॉलिग्नोटस नावाच्या चित्रकाराचे लाल आकृतींचे एक पात्र आहे, इ. स. पू. ४५० ते ४४० च्या सुमाराचे. मेडूसा डोंगरउतारावर झोपली आहे, पंख आहेत, पण चेहरा एखाद्या दमलेल्या मुलीचा आहे. पर्सियसने तिच्या गळ्याला कोयता लावला आहे आणि तो अथीनेकडे पाहतो आहे. न पाहण्याची ती जुनी खूण इथेही टिकली आहे, फक्त ज्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही तो चेहरा आता भयंकर राहिलेला नाही. कवी याआधीच तिथे पोहोचला होता. इ. स. पू. ४९० च्या एका विजयगीतात पिंडार तिला सुंदर गालांची म्हणतो. म्युनिकच्या ग्लिप्टोथेक या शिल्पसंग्रहालयातला तुमचा मुखवटा, ज्याला रोंडानिनी मेडूसा म्हणतात, तो रोमन काळातली प्रत आहे. मूळ कोणत्या शतकातले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण तो या सुंदर परंपरेतलाच.

मग वाटाड्याची शापाची गोष्ट कुठून आली? ती रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात आहे, आणि ते काव्य इ. स. ८ च्या सुमारास पूर्ण झाले. एल्यूसिसच्या कुंभानंतर साडेसहाशे वर्षांनी लिहिलेली गोष्ट त्या कुंभावरचे चित्र समजावून सांगू शकत नाही. ग्रीक कवी हेसिअडच्या जुन्या काव्यात शाप नाही. तिथे स्थेनो, युरिएली आणि मेडूसा या तीन बहिणी आहेत, त्यांपैकी मेडूसाच तेवढी मर्त्य आहे, आणि पोसायडनशी तिची भेट ओव्हिड म्हणतो तशी देवीच्या देवळात नव्हे तर फुललेल्या कुरणात होते. माझा तर्क असा आहे की क्रम उलटा चालला असावा. पाचशे वर्षे लोकांनी कुरूप आणि सुंदर असे दोन्ही चेहरे शेजारीशेजारी पाहिले, आणि दोन्ही खरे कसे असू शकतील याचे उत्तर म्हणून शापाची गोष्ट सोयीची ठरली. चित्राने गोष्ट घडवली, असे म्हणायला वाव आहे. पण हा तर्क आहे. तो नोंदवहीत लिहिण्याजोगा नव्हे.

इथे एक गोष्ट जवळून दाखवतो, कारण ती पुस्तकातल्या छायाचित्रात कळत नाही. ग्रीक मृत्पात्रांवर माणसे जवळजवळ नेहमी बाजूने दिसतात, एकमेकांकडे पाहणारी. गॉर्गनचा चेहरा मात्र सरळ आपल्याकडे पाहतो. असा चेहरा इ. स. पू. सहाव्या शतकातल्या कित्येक मद्यपात्रांच्या तळाशी, आतल्या बाजूला काढलेला असतो. पात्र उथळ असते, दोन्ही बाजूंना कान असतात. त्यात पाणी घातलेली गडद द्राक्षमदिरा भरली की तळ दिसत नाही. पिणारा पात्र तिरपे करतो, पेय ओसरते आणि अगदी शेवटच्या घोटाला ती जीभ काढलेली बाई तळातून त्याच्याकडे पाहते. त्याच वेळी समोर टेकून बसलेल्या पाहुण्याला पात्राची बाहेरची बाजू दिसते, आणि तिच्यावर पुष्कळदा दोन मोठे डोळे रंगवलेले असतात. पात्राचे कान हे मुखवट्याचे कान होतात आणि पायाचे गोल तोंड हे त्याचे तोंड. पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक मुखवटा चढतो आणि त्याच्यासमोर दुसरा येतो. हे पात्र काचेआड सरळ मांडून ठेवले की त्याचा अर्धा अर्थ नाहीसा होतो.

मराठी पाहुण्यांना हा चेहरा दाखवला की दहातले आठ जण ‘हे तर कीर्तिमुख’ म्हणतात. वटारलेले डोळे, सुळे, धड नसलेले नुसते तोंड आणि जागा दाराची किंवा छपराची. साम्य आहेच, आणि वाईट नजर परतवण्याचे कामही मिळतेजुळते आहे. मी ते साम्य खोडत नाही, पण त्यावरून एक दुसऱ्यापासून निघाले असे म्हणायला काही आधार लागतो आणि तो इथे नाही. उंबरठा सांभाळायला भयंकर तोंड बसवण्याची कल्पना माणसाला एकापेक्षा अधिक ठिकाणी सुचू शकते.

खुणांवर विसंबण्याचा धोका मी माझ्याच चुकीतून शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे तळहाताएवढे एक खापर आले. त्यावर स्त्रीचे डोके, खांद्याचा थोडा भाग आणि केसांभोवती वेटोळे घातलेला साप एवढेच शिल्लक होते. मी बिनदिक्कत ‘मेडूसा’ लिहिले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते खापर उचलले, खिडकीकडे नेले आणि खांद्यावरच्या ठिपक्यांवर नख ठेवले. ते ठिपके म्हणजे बिबट्याचे कातडे होते, गळ्यापाशी पंजांनी गाठ मारलेले. ती मेडूसा नव्हती, मद्याचा देव डायोनिसस याच्या मागे धुंद होऊन नाचणारी मीनाड होती. असेच एक प्रसिद्ध अखंड उदाहरण तुम्ही गेलात त्या म्युनिकच्या प्राचीन वस्तूंच्या संग्रहालयात आहे. ब्रिगोस चित्रकाराच्या पात्रात, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, सुमारे इ. स. पू. ४९० ची एक मीनाड आहे. डोक्याला साप गुंडाळलेला, एका हातात पानांचा शेंडा असलेली काठी आणि दुसऱ्या हातात बिबट्याचे पिल्लू. साप अथीनेच्या ढालवस्त्राच्या काठालाही असतात, आणि आईचा खून करणाऱ्या ओरेस्टीसचा पाठलाग करणाऱ्या सूडदेवतांच्या केसांतही असतात. साप दिसला म्हणजे फक्त यादी छोटी होते, नाव मिळत नाही.

तेव्हा इथवरचे सार असे की आधी कृती पाहावी, मग सोबत कोण आहे ते पाहावे, मग वस्तू कशासाठी वापरली जात होती ते पाहावे, आणि हातातले आयुध सर्वांत शेवटी पाहावे. आपली मूर्तिशास्त्राची सवय नेमकी उलट दिशेने चालते, म्हणून हा क्रम मुद्दाम सांगितला.

आयुधांना शेवटी ठेवण्याचे आणखी एक व्यावहारिक कारण आहे. तीच प्रथम हरवतात. अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातला दोन मीटरहून उंच काशाचा देव तुम्ही पाहिला असेलच. तो १९२० च्या दशकात आर्टेमिसिअन भूशिराजवळ समुद्रातून वर काढला, काळ सुमारे इ. स. पू. ४६०. उजवा हात मागे ताणलेला, काहीतरी फेकण्याच्या तयारीत; पण हातातली वस्तू गेलेली आहे. वज्र असेल तर तो देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर पोसायडन. बहुतेक अभ्यासक आज झ्यूसकडे झुकतात आणि मीही झुकतो, कारण लांब दांड्याचा त्रिशूळ त्या पकडीत बसवला तर तो चेहऱ्यासमोरून आडवा जातो, आणि एवढ्या कसबी शिल्पकाराने तसे केले असेल असे वाटत नाही. पण हे ‘वाटत नाही’ म्हणजे पुरावा नव्हे, हे मान्य करायला हवे. समुद्रात सापडला म्हणून तो पोसायडन, हा युक्तिवाद मात्र सोडून द्यावा. तो जहाजातून नेला जात होता आणि जहाज बुडाले, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पोसायडन पाहायला मराठी माणसाला ग्रीसला जावे लागत नाही, हे जाता जाता सांगतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात सापडलेल्या काशाच्या वस्तूंत त्याची एक लहानशी मूर्ती आहे आणि ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. सातवाहनकाळात रोमन जगाशी जो व्यापार चालला त्यातून ती आली. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या घाटमाथ्यापलीकडे तिला ज्याने जवळ ठेवले त्याने तिला कोणत्या नावाने हाक मारली असेल, याचा विचार माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो.

आयुध जागेवर असले तरी ते मूळचेच आहे का, हेही विचारावे लागते. सतराव्या-अठराव्या शतकात मोडक्या रोमन पुतळ्यांना नवे हात, नवी नाके आणि नव्या वस्तू जोडून विकण्याचा मोठा धंदा इटलीत चालत असे. ग्लिप्टोथेकमध्येच कडेवर मूल घेतलेली एक स्त्री आहे. मुलाच्या हातात मडके आहे, आणि प्राचीन कलेच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या विंकेलमानने त्या जोडीला बाल डायोनिसस आणि त्याला सांभाळणारी ल्यूकोथिया असे ओळखले होते. १८६७ मध्ये हाइनरिख ब्रून याने दाखवून दिले की ती शांतीची देवता आयरीनी असून तिच्या कडेवरचे मूल म्हणजे संपत्ती, प्लूटोस. केफिसोडोटस या शिल्पकाराच्या गाजलेल्या पुतळ्याची ती रोमन प्रत आहे. पॉसेनियस या प्राचीन प्रवाशाने अथेन्समध्ये शांतीच्या कडेवर संपत्ती पाहिल्याचे लिहून ठेवले होते, आणि अथेन्सच्या नाण्यांवरही हीच जोडी आहे. मुलाच्या हातातले मडके नंतरच्या डागडुजीतले होते.

‘मग नाव लिहिलेले असेल तर?’ असे तुम्ही म्हणाल. ते सर्वांत चांगले, पण तिथेही सावध राहावे लागते. फ्लॉरेन्समधला फ्रांस्वा कुंभ, सुमारे इ. स. पू. ५७० चा, एर्गोटिमोसने घडवला आणि क्लिटियासने रंगवला. त्याच्यावर दोनशेहून अधिक आकृत्या आणि शंभराहून अधिक नावे आहेत. चित्रकाराचा उत्साह इतका की पाणवठ्यापुढे ‘पाणवठा’ आणि पाण्याच्या घागरीपुढे ‘घागर’ असेही लिहिले आहे. १९०० साली एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात स्टूल फेकून त्याचे ६३८ तुकडे केले. आज तो जोडलेला उभा आहे. उलट एक्झेकियसचा व्हॅटिकनमधला कुंभ पाहा, इ. स. पू. ५४० ते ५३० च्या दरम्यानचा. ट्रॉयच्या युद्धातले वीर अकिलीस आणि एजॅक्स भाले खांद्याला टेकवून, पटावर वाकून खेळत बसले आहेत. दोघांची नावे आहेत, आणि तोंडातून निघावेत तसे शब्द आहेत, एकाच्या ‘चार’, दुसऱ्याच्या ‘तीन’. चार पडलेला अकिलीस डोक्यावर शिरस्त्राण ठेवून बसला आहे, एजॅक्सने आपले मागे काढून ठेवले आहे. पण त्याच कुंभावर ओनेटोरिडीस हेही नाव आहे, आणि तो या चित्रातला कोणीही नाही. ‘ओनेटोरिडीस सुंदर आहे’ असे ते वाक्य आहे. अथेन्समधल्या देखण्या तरुणांची अशी स्तुती पात्रांवर लिहिण्याची त्या काळी पद्धतच होती. नवशिक्या नोंदकाराने असे नाव जवळच्या आकृतीला चिकटवल्याचे मी पाहिले आहे. काही पात्रांवर तर अक्षरे असतात पण त्यांना काहीही अर्थ नसतो, नुसती शोभा.

या खेळाच्या प्रसंगाचे वर्णन हाती असलेल्या कोणत्याही प्राचीन काव्यात मिळत नाही, आणि तरीही तो शंभराहून अधिक पात्रांवर आहे. चित्रकार पुस्तकाची चित्रे काढत नव्हते, याचा याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

आता तुमच्या बैलाकडे. पाटीवरचे ‘किंवा’ हा आळस नाही. हेराक्लीसने क्रीट बेटावरचा माजलेला बैल जिवंत पकडून आणला आणि पुढे सोडून दिला. तो भटकत अथेन्सजवळच्या मॅरेथॉनला आला आणि तिथे थिसियसने त्याला पुन्हा जिवंत पकडले. म्हणजे कथेतच बैल एक आणि पकडणारे दोन. वर इ. स. पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस, अथेन्समध्ये लोकशाहीची घडी बसत असताना, थिसियस हा शहराचा लाडका वीर झाला आणि त्याचे पराक्रम हेराक्लीसच्या धर्तीवर रचले गेले. डेल्फी या तीर्थक्षेत्रातल्या अथेन्सच्या कोषागारावर दोघांचे पराक्रम शेजारीशेजारी कोरलेले आहेत. लोकांनी दोघांना एकत्र पाहावे हा तिथे हेतूच होता, मग चित्रांत ते सारखे दिसले तर नवल नाही.

हेराक्लीसची खूण म्हणून सिंहाचे कातडे पाहावे, हे सगळे सांगतात. पण नेसॉसच्या कुंभावर हेराक्लीसच्या अंगावर ते नाही, हातात गदा नाही, तलवार आहे. तो हेराक्लीस आहे हे आपल्याला शेजारी नाव लिहिलेले आहे म्हणून कळते. आणि बैलाशी कुस्ती खेळताना तर वीर बहुतेक वेळा उघडाच असतो, कारण अंगावर कातडे घेऊन झोंबता येत नाही. दाढी थोडी मदत करते. काळ्या आकृतींच्या शैलीत हेराक्लीस बहुधा दाढीवाला असतो आणि थिसियस बहुधा तरुण, मिसरूड न फुटलेला. पण ‘बहुधा’ दोन्हीकडे आहे, आणि घाईत काढलेल्या स्वस्त पात्रांवर हनुवटी म्हणजे एक ठिपका असतो.

तुम्ही छायाचित्र काढले असेल तर माणसाकडे आणि बैलाकडे पाहू नका. वरच्या कोपऱ्यात पाहा. तिथे बहुतेक एका झाडाच्या फांद्या असतील, आणि चित्रकाराने वीराचे उतरवलेले सामान त्या फांद्यांना टांगलेले असेल. बाणांचा भाता दिसला, किंवा खाली टेकवून ठेवलेली गाठीगाठींची गदा दिसली, तर तो हेराक्लीस. प्रवाशाची रुंद काठाची टोपी आणि म्यानातली तलवार दिसली तर थिसियस. आणि नुसतेच एखादे वस्त्र लोंबत असेल, ज्याच्या घड्या झिजून गेल्या आहेत आणि ते साधे उपरणे की सिंहाचे कातडे हे सांगता येत नाही, तर पाटी लिहिणाऱ्याने भिंगातून तेच पाहिले होते आणि म्हणून ‘किंवा’ लिहिले.